मुदत संपलेला, पण भरलेला डबा

केबिनमधली हवा विरळ झाली की डोक्यावरून मास्क लोंबकळू लागतात. त्यांच्यामागे बऱ्याच विमानांत ऑक्सिजनची टाकी नसते. असतो तो स्टीलचा एक छोटा डबा, ज्यात मुख्यतः सोडियम क्लोरेट असतं. मास्क ओढला की पिन निघते, चाप बसतो आणि रासायनिक क्रिया सुरू होते. ती मग थांबवता येत नाही. साधारण पंधरा मिनिटं ऑक्सिजन मिळतो, तेवढ्यात वैमानिक विमान दहा हजार फुटांपर्यंत खाली आणतो. डबा मात्र बाहेरून अडीचशे अंशांच्या आसपास तापतो. जागच्या जागी, उष्णतारोधक आवरणात त्याचा त्रास होत नाही.

११ मे १९९६ रोजी मायामीहून निघालेल्या व्हॅल्यूजेटच्या डीसी-९ विमानात असे डबे मालाच्या कप्प्यात होते, तेही टायरांच्या शेजारी. दुसऱ्या विमानांतून मुदत संपली म्हणून ते काढलेले. पण मुदत संपली म्हणजे डबा रिकामा झाला असं नाही! डबा चुकून सुरू होऊ नये म्हणून चापावर बसवायची प्लास्टिकची टोपी कुणीच लावली नव्हती. कागदोपत्री मात्र सह्या झालेल्या होत्या आणि माल ‘रिकामा’ म्हणून चढला. हा कप्पा हवाबंद होता. आग लागलीच तर ऑक्सिजनअभावी विझेल, या भरवशावर त्यात धूर ओळखणारं यंत्रही नव्हतं. इथे तर आगीने स्वतःचा ऑक्सिजन सोबत आणला होता. ११० माणसं गेली. असे डबे प्रवासी विमानातून माल म्हणून नेण्यावर अमेरिकेत बंदी आली आणि अशा कप्प्यांत धूरशोधक व अग्निशमन यंत्रणा सक्तीची झाली.

वैमानिकांचा ऑक्सिजन सिलिंडरमधून येतो, आणि तिथे देखभालीचा खरा शत्रू तेलकटपणा. शुद्ध ऑक्सिजनमध्ये ग्रीसचा ठिपकाही पेट घेऊ शकतो. व्हॉल्व्ह झटक्यात उघडला तर पुढच्या नळीतला वायू दाबला जाऊन क्षणात तापतो, म्हणून तो सावकाश उघडायचा. गळती शोधायलाही ऑक्सिजनसाठी मान्य केलेलंच द्रावण वापरायचं, घरचा साबण नाही. २०११ मध्ये कैरोच्या विमानतळावर उभ्या असलेल्या बोइंग ७७७ च्या कॉकपिटला आग लागली. सहवैमानिकाच्या मास्कच्या नळीतल्या धातूच्या स्प्रिंगला वीज लागली असावी, असा तपासाचा रोख होता. प्रवासी वेळेत उतरले.

एक गैरसमज मात्र फार पसरलेला आहे. धूर झाला म्हणून प्रवाशांचे मास्क सोडत नाहीत. त्यांत आजूबाजूची हवाही मिसळते, म्हणजे धूर नाकात जाणारच, वर आगीला ऑक्सिजन. त्या वेळी वाकून, नाकावर ओलं कापड धरून दाराकडे सरकायचं.