एचपी तेवढीच, मग टिलर का ओढत नाही?

खानापूरकडं भाताच्या चिखलणीला आणि निपाणी-चिकोडीकडं उसाच्या भरणीला पॉवर टिलर, म्हणजे मागून चालत हाकायचं मशागतीचं यंत्र, आता बैलजोडीइतकाच रुळलाय. जुन्या टिलरची गत बहुतेक सारखीच असते. गिअरबॉक्स खणखणीत, माती फोडणाऱ्या पात्यांचा रोटर शाबूत, पण इंजिन धूर ओकतंय आणि बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, झिजलेला. असं यंत्र भंगारात घालणं मला पटत नाही. दुसरं इंजिन बसवून ते आणखी बरीच वर्षं काम देऊ शकतं. फक्त इंजिन निवडताना आपण जो आकडा पहिल्यांदा विचारतो, तोच आपल्याला फसवतो.

तो आकडा म्हणजे एचपी, अश्वशक्ती. व्हीएसटी शक्ती १३० डीआय या आपल्याकडच्या ओळखीच्या टिलरचं डिझेल इंजिन १३ एचपीचं, मिनिटाला २४०० फेऱ्यांचं. त्याच्या जागी १३ एचपीचंच पेट्रोल इंजिन आणलं, तर ते ती ताकद ३६०० फेऱ्यांना देतं. पाटीवर दोन्ही सारखी. पण मातीत रोटर फिरवतो तो टॉर्क, म्हणजे शाफ्ट पिळण्याचा जोर. किलोवॅटला ९५५० ने गुणा आणि फेऱ्यांनी भागा, की टॉर्क न्यूटन-मीटरमध्ये मिळतो. १३ एचपी म्हणजे साधारण ९.६ किलोवॅट. डिझेलचा टॉर्क येतो ३८, पेट्रोलचा जेमतेम २५. जुनीच पुली नव्या इंजिनावर चढवली, तर टिलर रिकामा असताना दीडपट वेगानं पळेल आणि चिकट रानात रोटर रुतला की मान टाकेल.

हरवलेला जोर परत मिळतो पुलीतून. टिलरमध्ये इंजिनाची ताकद व्ही-बेल्टवरून क्लचच्या पुलीवर जाते. वेग दीडपटीनं उतरवला की टॉर्क दीडपटीनं चढतो, २५ चे पुन्हा ३८ होतात. समजा इंजिनावर ६ इंची पुली होती. मग ४ इंची बसवली की हिशेब जुळला, असं कुणीही म्हणेल. इथंच गाडी अडते. व्ही-बेल्ट खाचेत पाचरीसारखा दोन्ही बाजूंनी आवळून बसतो आणि त्या बाजूंच्या घर्षणावरच ओढतो. बी सेक्शन या मापाचा बेल्ट वरून १७ मिलिमीटर रुंद आणि ११ मिलिमीटर जाड असतो. त्याला साधारण ५ इंचांहून लहान पुलीवर वाकवला, तर प्रत्येक फेरीला तो आतून दबतो, बाहेरून ताणला जातो, तापतो आणि तडकतो. शिवाय लहान पुलीला त्याचा विळखाही कमी पडतो. जुन्या पुलीची खाच एकदा टॉर्च लावून बघा. तळाशी चकाकी दिसली तर बेल्ट झिजून तळाला टेकतोय. पाचर बसत नाही आणि बेल्ट नुसता घसरतो.

म्हणून बदल दोन्हीकडं वाटून घ्यावा. इंजिनावर ५ इंची पुली आणि क्लचची पुली सव्वापट मोठी. सहाचे पाच आणि वर सव्वापट, मिळून बरोबर दीडपट. क्लच त्याच पुलीच्या पोटात बसलेला असतो, त्यामुळं हे काम नवशिक्या हाताचं नाही. पण बेळगावात जाणत्या हातांची उणीव नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलच्या दुकानानं सुरुवात केली ती याच गावात, आणि उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत आजही ओतकाम आणि लेथकाम दोन्ही होतं.

ओतकाम करणाऱ्याला नवा वेग मात्र आधी सांगावा. बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, पुली फिरताना तिची कड बाहेर ओढली जाते आणि तो ताण कडेच्या वेगाच्या वर्गानं वाढतो. ६ इंची पुलीची कड २४०० फेऱ्यांना सेकंदाला १९ मीटर धावते. ५ इंची ३६०० ला २४ मीटर. वेग सव्वापट, पण ताण दीडपटीहून जास्त. साध्या बिडाला ३० मीटरच्या आसपास हद्द मानतात. ओतीव मालात हवेचा फुगा राहिलेला असेल, तर त्याआधीच धोका. पुली फुटली तर तुकडे चालवणाऱ्याच्या पोटाच्या उंचीवर उडतात. पुलीवरचं झाकण, म्हणजे गार्ड, काढून टिलर चालवणाऱ्यांनी एवढा आकडा तरी लक्षात घ्यावा.

पेट्रोल इंजिन डिझेलच्या मानानं बरंच हलकं असतं. टिलरचं नाक हलकं झालं की हँडल हातात जड होतं, म्हणून पुढं वजन बांधावं लागतं.

कुणी मोटारसायकलचं इंजिन सुचवतात, ते मी तरी बसवणार नाही. ते धावत्या गाडीला लागणाऱ्या वाऱ्यावर थंड होतं. टिलर चालतो माणसाच्या पावलानं, तिथं वारा कुठला? शेतीच्या हवेवरच्या इंजिनाला स्वतःचा पंखा आणि त्यावर पत्र्याचं आवरण असतं, ते त्यासाठीच.

राहिली फिरण्याची दिशा. बहुतेक छोटी इंजिनं शाफ्टच्या बाजूनं पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात. पण काही इंजिनं अर्ध्या वेगाच्या शाफ्टची मिळतात. त्यातल्या काहींत मध्ये गिअरची जोडी असते आणि एका जोडीनं दिशा पालटते. असं इंजिन न बघता बसवलं, तर पहिला गिअर टाकताच टिलर मागं, थेट चालवणाऱ्याच्या अंगावर येतो. म्हणून रोटर न जोडता, चाकं ठोकळ्यांवर उचलून, आधी पहिला गिअर टाकून बघा. चाकं पुढं फिरली तरच पुढचं काम.