हळद, आतड्याचं अस्तर आणि एक फसवा शब्द

हळदीतलं पिवळं द्रव्य, म्हणजे करक्युमिन, १८१५ मध्ये वेगळं काढलं गेलं आणि त्याची रचना १९१० मध्ये ठरली. १९७०च्या दशकात भारतातल्या प्रयोगांत ते दाह कमी करतं असं दिसलं. जखमेवरच्या हळदीचं अमेरिकी पेटंट १९९७ मध्ये रद्द झालं तेव्हा आपल्याकडे खूप चर्चा झाली. अल्सरेटिव्ह कोलायटिसवरचं, म्हणजे मोठ्या आतड्याचं अस्तर सुजून त्यावर जखमा होण्याच्या आजारावरचं, खरं काम त्यानंतरचं.

हळदीच्या गुणांबद्दलचा सगळा गोंधळ ‘अँटिऑक्सिडंट’ या शब्दानं केला. परीक्षानळीत एखादा पदार्थ किती मुक्तकण (पेशींना इजा करणारे अस्थिर कण, फ्री रॅडिकल्स) शोषतो, त्यावरून आकडे काढले गेले आणि डब्यांवर छापले गेले. असा एक मोठा तक्ता अमेरिकी सरकारी खात्यानं २०१२ मध्ये मागे घेतला, कारण नळीतला आकडा शरीरातल्या परिणामाबद्दल काही सांगत नाही. सुजलेल्या आतड्यात पांढऱ्या पेशी तिखट ऑक्सिजनकण सोडतात आणि अस्तर पोळतं, हे खरंच. पण करक्युमिनचं महत्त्वाचं काम बहुधा पेशीच्या आत आहे: दाह पेटवणारा संदेश ते दाबतं. कोलायटिसवरचं नेहमीचं औषध मेसालामीनही मुक्तकण टिपतं, तरी त्याला कुणी अँटिऑक्सिडंट म्हणून विकत नाही. हा शब्द उपचाराच्या चर्चेतून काढून टाकावा, असं मला ठामपणे वाटतं.

करक्युमिन रक्तात फारच कमी उतरतं. इतर आजारांत ही अडचण ठरते, पण इथे जखमच आतड्याच्या आतल्या बाजूला आहे, तिथे ते रक्तात न उतरताही पोचू शकतं.

२००६ मध्ये जपानमध्ये, कोलायटिस शांत असलेल्या ८९ रुग्णांना सहा महिने नेहमीच्या औषधासोबत रोज २ ग्रॅम करक्युमिन किंवा नकली गोळी दिली. शेवटी हिशेबात धरलेल्यांपैकी आजार उलटला तो अनुक्रमे ४३ पैकी दोघांचा आणि ३९ पैकी आठ जणांचा. २०१५ च्या अभ्यासात मेसालामीनला दाद न देणाऱ्या ५० जणांवर ३ ग्रॅमची मात्रा तपासली. महिन्याभरात करक्युमिनवाल्या २६ पैकी १४ जणांचा त्रास थांबला, नकली औषधाच्या गटात एकाचाही नाही. दुर्बिणीतून काहींचं अस्तरही शांत दिसलं. भारतात रोज ४५० मिलिग्रॅम देऊन पाहिलं, तेव्हा फरक पडला नाही. हे सगळे अभ्यास लहानच.

हळदीत करक्युमिन साधारण तीन टक्के. म्हणजे ३ ग्रॅमसाठी जवळपास १०० ग्रॅम हळद लागेल; दुधातल्या चमचाभर हळदीशी या मात्रेचा संबंध नाही. मिरीचा अर्क घालून शोषण वाढवलेल्या गोळ्यांनी काहींच्या यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. शिवाय जपानच्या आणि २०१५ च्या अभ्यासांत नेहमीचं औषध कुणाचंही बंद केलेलं नव्हतं.