इबादानचं पोस्टकार्ड, विक्रोळीची पत्रं

राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी १ मार्च १९६१ रोजी ‘पीस कोअर’ स्थापन केलं. तरुण अमेरिकनांनी दोन वर्षं परक्या देशात राहून शिकवायचं, दवाखान्यात किंवा शेतीच्या कामात हात लावायचा, अशी ही योजना. ऑक्टोबरातच तिच्यावर पहिलं संकट आलं, तेही एका पोस्टकार्डामुळे. नायजेरियात इबादानला प्रशिक्षण घेणाऱ्या एका स्वयंसेविकेनं मित्राला चार ओळी लिहिल्या: इथले लोक रस्त्यावरच राहतात, रस्त्यावरच रांधतात, वगैरे. कार्ड टपालात पडण्याआधीच हरवलं आणि विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या हाती लागलं. त्याच्या प्रती वाटल्या गेल्या, निदर्शनं झाली, तिला माफी मागून परतावं लागलं. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशातल्या पोरांना राग येणारच. पण घरच्या माणसाला लिहिताना कोण तोलून-मापून लिहितं?

उघड्या कार्डापेक्षा एअरोग्राम बरा. एकच पातळ कागद, लिहून झाला की दुमडून चिकटवायचा, तोच पाकीट. आत फोटो किंवा आणखी एक चिठ्ठी घालायला मनाई. आपल्या आंतरदेशीय पत्राचा हा परदेशी जाणारा भाऊ. जागतिक टपाल संघानं १९५२ मध्ये त्याला मान्यता दिली. जागा संपत आली की अक्षर बारीक व्हायचं, मग मजकूर समासातून आडवा चढायचा.

त्याआधीच्या पिढीला एवढंही सुख नव्हतं. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले. वडील गेल्याची बातमी त्यांना तिकडेच कळली. ते परतले नाहीत. पुढे चीनमध्येच लग्न झालं, मुलगा झाला, आणि ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. भोवती युद्ध पेटलेलं असताना सोलापूरच्या घराला भरवसा होता तो टपालाचाच.

उलट दिशेनं आलेलं माणूस म्हणजे लिलियन कार्टर. जॉर्जियातल्या प्लेन्स या लहानशा गावची विधवा परिचारिका. १९६६ मध्ये, ६८ व्या वर्षी, या बाई पीस कोअरमधून थेट आपल्या विक्रोळीला आल्या. गोदरेज वसाहतीत आधी कुटुंबनियोजनाचं काम, मग दवाखान्यात. १९६८ मध्ये परतेपर्यंत त्या घरी लिहीत राहिल्या. मुंबईच्या उपनगरातली गरिबी, रोगराई, एकटेपणा असं सगळं त्या पत्रांत आहे. इबादानच्या कार्डात होतं त्याहून सौम्य काही नाही. फक्त ही पत्रं पोहोचली ती घरच्यांच्याच हातात.

मुलगा जिमी १९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाला आणि त्याच वर्षी ती पत्रं पुस्तकरूपानं आली. घरच्यांनी ती जपून ठेवली होती, म्हणून.