हा मसाज हलक्या हातानंच का करतात?

‘शरीरातले टॉक्सिन्स बाहेर काढा, एका बैठकीत पोट सपाट करा’ अशा जाहिरातींमुळे लिम्फॅटिक ड्रेनेज मसाज हा शब्द घरोघरी पोचला. मात्र त्यांच्या गलबल्यात आपल्या कातडीखालची एक विलक्षण रचना झाकली गेली, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून आधी तीच पाहू.

केशवाहिन्यांतून रक्त वाहताना त्यातलं थोडं पाणी आणि थोडी प्रथिनं पेशींभोवतीच्या फटींत सतत पाझरत असतात. हा पाझर गोळा करून रक्तात परत नेतात त्या लसिकावाहिन्या, आणि त्यातला द्रव म्हणजे लसिका, अर्थात लिम्फ. दिवसाला सुमारे ३ लिटर! रक्तातला सगळा प्लाझ्मा जवळपास तेवढाच असतो.

सर्वांत बारीक लसिकावाहिनीचं टोक हातमोज्याच्या बोटासारखं बंद असतं. मग पाणी आत शिरतं कुठून? तिच्या भिंतीतल्या पेशींच्या कडा कौलांसारख्या एकमेकींवर चढलेल्या असतात. त्या मधूनमधून टाचलेल्या, बाकी सुट्या. सुटा भाग फक्त आतल्या बाजूला उघडतो. पेशींच्या बाहेरच्या अंगाला अतिसूक्ष्म तंतू असतात आणि त्यांची दुसरी टोकं आसपासच्या ऊतीत रुतलेली असतात. ऊतीत पाणी साचून ती फुगली, की खरं तर ही नाजूक नळी चेपून जायला हवी. होतं नेमकं उलटं! फुगणारी ऊती तंतू ताणते, तंतू भिंत बाहेर ओढतात, कडा फाकतात आणि पाणी आत येतं. आतला दाब वाढला, की त्याच कडा मिटतात. तुंबलेलं पाणी स्वतःच दार उघडून घेतं.

पुढच्या मोठ्या वाहिन्यांत झडपा असतात आणि दोन झडपांमधला प्रत्येक तुकडा मिनिटाला काही वेळा आपणहून आकुंचन पावतो. चालणं आणि खोल श्वास घेणं यांचीही मदत होते. वाटेत लसिका ग्रंथी लागतात. पायाला जखम झाल्यावर जांघेत अवधाण येतं ते याच ग्रंथींचं. शेवटी बहुतेक शरीराची लसिका डाव्या कॉलरबोनमागच्या शिरेत रिकामी होते.

आता मसाजकडे येऊ. १९३०च्या दशकात एमिल आणि एस्ट्रिड व्होडर या डॅनिश दांपत्यानं ही पद्धत बसवली. यात स्नायू रगडायचे नसतात. तळहातानं फक्त त्वचा अलगद ताणायची आणि सोडायची. त्वचा ताणली की ते तंतू ओढले जातात. जोरानं रगडलं तर नळ्या चेपल्या जातात. हात सुजला असला तरी सुरुवात मानेपासून होते, कारण पुढची वाट मोकळी नसेल तर मागचं पाणी सरकणार कुठे?

याची खरी गरज लिम्फेडेमाच्या, म्हणजे लसिकेचा निचरा अडल्यानं येणाऱ्या सुजेच्या रुग्णांना असते. स्तनाच्या कर्करोगात काखेतल्या ग्रंथी काढल्यावर किंवा तिथे किरणोपचार दिल्यावर काहींचा हात सुजतो. तिथेही मुख्य भार दाब देणाऱ्या पट्ट्या, व्यायाम आणि त्वचेची निगा यांच्यावर असतो. मसाज हा जोडउपचार.

‘टॉक्सिन्स’चा दावा मात्र मुळातच फसवा आहे. लसिका शरीराबाहेर जात नाही, ती रक्तात परत येते. टाकाऊ द्रव्यांचा निचरा यकृत आणि मूत्रपिंडं करतात, तो यानं वाढत नाही. चरबीही वितळत नाही. पोट क्षणभर सपाट दिसलं तर ते जरासं पाणी हललेलं असतं. आणि अंग लाल, गरम होऊन सुजलं असेल, एकच पोटरी अचानक सुजली असेल किंवा हृदय कमजोर असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा मसाज करूच नये.

पाय बरेच दिवस सुजत असेल तर अंगठ्याशेजारच्या बोटाच्या मुळाशी, वरच्या बाजूनं कातडी चिमटीत धरून पाहा. ती उचलली जात नसेल तर लिम्फेडेमाची दाट शंका घ्यावी. सुरुवातीला मात्र ती उचलली जाऊही शकते, म्हणून तेवढ्यावर निर्धास्त न राहता सूज दाखवून घ्या.