टीव्हीचे रेकॉर्डिंग कापण्यामागचा इतिहास

टीव्हीवरचा कार्यक्रम रेकॉर्ड करायचा, मधल्या जाहिराती छाटायच्या आणि उरलेल्याची आटोपशीर फाइल करायची. सांगायला काम एवढेसेच आहे. पण घरच्या संगणकावर ते करू गेले की कधी आवाज ओठांच्या मागे पडतो, कधी कापलेल्या जागी चित्राचे ठोकळे होतात, कधी हलत्या वस्तूंच्या कडांना कंगव्यासारखे दाते फुटतात. खापर बहुधा सॉफ्टवेअरवर फुटते. मूळ मात्र त्याच्याही आधीचे आहे: डिजिटल टीव्हीचा सिग्नल दूरवर पोहोचवण्यासाठी आखला गेला, त्यावर कुणी घरी कात्री चालवेल हा विचार त्यात जवळपास नव्हताच.

टेपच्या जमान्यात कात्री खरीखुरी होती. १९५६ मध्ये अँपेक्सचा व्हिडिओ टेप रेकॉर्डर आला, तेव्हा स्टुडिओतले तंत्रज्ञ दोन इंची टेपवर लोखंडाच्या बारीक कणांचे द्रावण लावून चुंबकीय पट्टे डोळ्यांना दिसतील असे करत, मग टेप कापून चिकटवत. घरोघरी बेटामॅक्स (१९७५) आणि व्हीएचएस (१९७६) पोहोचल्यावर पर्याय उरला तो एका व्हीसीआरवरून दुसऱ्यावर हवा तेवढा भाग उतरवण्याचा, आणि प्रत्येक नवी प्रत आधीपेक्षा पुसट. याच यंत्रांवरून सोनीविरुद्ध चाललेल्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल दिला, की कार्यक्रम नंतर पाहण्यासाठी घरी केलेले रेकॉर्डिंग हा कॉपीराइटचा भंग नाही.

संगणकासमोरची पहिली अडचण जागेची. ७२० बाय ५७६ आकाराचे, सेकंदाला २५ फ्रेमचे चित्र न दाबता साठवले, तर सेकंदाला सुमारे २० एमबी लागतात, म्हणजे तासाला ७० जीबीच्या वर. त्यामुळे टीव्हीचा सिग्नल संगणकात उतरवणाऱ्या कॅप्चर कार्डांनी मोशन जेपीईजी या दाबण्याच्या पद्धतीचा आसरा घेतला. त्यात प्रत्येक फ्रेम स्वतंत्र, म्हणून कुठेही कापा, काही बिघडत नाही. फायली मात्र अवाढव्य.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आलेल्या एमपेग-२ या दाबण्याच्या पद्धतीने आकार आटोक्यात आणला, पण त्याची किंमत कापणाऱ्याने मोजली. यात पूर्ण चित्र अधूनमधूनच येते, त्याला आय-फ्रेम म्हणतात. मधल्या पी आणि बी फ्रेममध्ये फक्त बदलांची नोंद असते. बी-फ्रेमला तर पुढच्या फ्रेमचाही आधार लागतो. टीव्हीवर असा गट साधारण १२ ते १५ फ्रेमचा, म्हणजे अर्ध्या सेकंदाचा. गटाच्या मधोमध कापले, की उरलेल्या फ्रेमचा आधारच तुटतो.

त्यावर प्रक्षेपणाचे वेष्टन. ट्रान्सपोर्ट स्ट्रीम, म्हणजे प्रक्षेपणातला चित्र-आवाजाचा प्रवाह, १८८ बाइटच्या पाकिटांत येतो. त्याला सुरुवात-शेवट नाही, अनुक्रमणिका नाही, कारण टीव्ही कोणत्याही क्षणी चालू केला तरी चित्र दिसायला हवे. हवामानामुळे काही पाकिटे गहाळ झाली, तर टीव्ही क्षणभर अडखळून सावरतो. फाइलमध्ये मात्र ते भगदाड कायम राहते आणि आवाज तिथून पुढे घसरत जातो. वेळेचे शिक्केही ३३ बिटांचे, सेकंदाला ९०,००० टिकटिक. सुमारे साडेसव्वीस तासांनी हा आकडा शून्यावर येतो, आणि तो क्षण नेमका तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये आला, तर एखाद्या बिचाऱ्या प्रोग्रामला काळ उलटा गेल्यासारखे वाटते.

म्हणून त्या काळातली सर्वांत उपयोगी साधने दिसायला सर्वांत रुक्ष होती, असे मला वाटते. एव्हरी ली यांचे व्हर्च्युअलडब हे कापण्याचे सॉफ्टवेअर लोकप्रिय झाले, पण ते एव्हीआय प्रकारच्या फायलींसाठी. एमपेग-२ ते मुळात उघडतच नसे. प्रोजेक्ट-एक्स हा जावातला प्रोग्राम चित्र आणि आवाज वेगळे करी, भगदाडे शोधी आणि दोघांची वेळ पुन्हा जुळवी. पुढे व्हिडिओरीडूसारख्या प्रोग्रामांनी मधला मार्ग रुळवला: कापलेल्या जागेलगतच्या मोजक्या फ्रेम नव्याने एन्कोड करायच्या (म्हणजे पुन्हा दाबून लिहायच्या), बाकी सगळे जसेच्या तसे उचलायचे. तासाभराचे रेकॉर्डिंग काही मिनिटांत तयार, आणि दर्जाही शाबूत.

जाहिराती आपोआप ओळखण्याचे प्रयत्नही झाले. मिथटीव्ही आणि कॉमस्किप हे प्रोग्राम काळ्या फ्रेम, शांतता, वाहिनीच्या लोगोचे गायब होणे यांवरून अंदाज बांधतात. नाट्यमय काळोखाचे दृश्य आले की अंदाज चुकतो.

रूपांतर ही निराळी गोष्ट, पण दोन्हींची सतत गल्लत होते. टीव्ही रेकॉर्ड करणाऱ्या विंडोज मीडिया सेंटरची डीव्हीआर-एमएस फाइल आतून बहुधा तेच एमपेग-२ असे. फक्त डबा (फाइलचे बाहेरचे वेष्टन) बदलायचा, तर दर्जाला धक्का लागत नाही. खरे रूपांतर म्हणजे दुसऱ्या कोडेकमध्ये (दाबण्याच्या पद्धतीत) एन्कोडिंग: आधी डिव्हएक्स आणि एक्सव्हिड, मग २००३ मध्ये प्रमाणित झालेले एच.२६४. फाब्रिस बेलार यांनी २००० मध्ये सुरू केलेले एफएफएमपेग हे रूपांतराचे सॉफ्टवेअर आज अशा अनेक साधनांच्या पोटात आहे. दातेरी कडांचा प्रश्नही इथेच उद्भवतो. इंटरलेस प्रक्षेपणात एक फ्रेम वेगवेगळ्या क्षणी टिपलेल्या दोन अर्ध्या चित्रांची बनते. डीइंटरलेस न करता, म्हणजे ही दोन अर्धी चित्रे नीट जुळवून न घेता, एन्कोड केली, तर दाते फाइलमध्ये कायमचे कोरले जातात.

एच.२६४ प्रक्षेपणात पूर्ण चित्रांमधले अंतर अनेकदा आणखी वाढले. म्हणून एफएफएमपेगवर उभे असलेले लॉसलेसकट हे सॉफ्टवेअर पुन्हा एन्कोड न करता कापताना सुरुवात सहसा मागच्या की-फ्रेमवर (पूर्ण चित्रावर) सरकवते, आणि जाहिरातीचा शेवटचा सेकंदभर तुकडा फाइलच्या तोंडाशी राहून जातो.