वॉन्टन सूप

वॉन्टन सूप : मैद्याच्या पातळ चौकोनी पारीत खिम्याचे किंवा कोळंबीचे सारण भरून, ते पाण्यात उकडून, निवळ रश्श्यात वाढला जाणारा चिनी पदार्थ. प्रमाण चिनी भाषेत त्याला ‘हुन्थुन’ म्हणतात आणि दक्षिणेच्या कँटनी बोलीत ‘वान्थान’. परदेशी स्थायिक झालेल्या जुन्या पिढीतले चिनी बरेचसे दक्षिण किनाऱ्यावरचे असल्याने जगभर, आणि मुंबई-पुण्याच्या मेनूकार्डांवरही, कँटनी नावच रूढ झाले. कँटनीत ते ज्या दोन चिन्हांनी लिहितात त्यांचा अर्थ ‘ढग’ आणि ‘गिळणे’ असा आहे. उच्चाराला जुळणारी चिन्हे निवडताना कुणीतरी रसिकता दाखवली, एवढेच. पण रश्श्यात कडा सुटून तरंगणाऱ्या त्या पारीला हे नाव शोभून दिसते.

वॉन्टनची गल्लत नेहमी ज्याओझशी होते. ज्याओझची पारी गोल आणि जाडसर असते, आकार करंजीसारखा. तो उकडून किंवा तव्यावर परतून, व्हिनेगरात बुडवून खातात. त्याला रश्श्याची गरज नाही. वॉन्टनची पारी त्याहून बरीच पातळ असते, इतकी की उकडल्यावर आतले सारण बाहेरून दिसावे. तो रश्श्यासाठीच जन्मलेला पदार्थ आहे. मात्र जुन्या काळी ही सीमा इतकी पक्की नव्हती. सहाव्या शतकातील विद्वान यान झीतुई याच्या नावावर असलेल्या एका उल्लेखात हुन्थुन चंद्रकोरीच्या आकाराचा असतो आणि तो सगळीकडे खाल्ला जातो, असे म्हटले आहे. म्हणजे तेव्हाचा हुन्थुन दिसायला आजच्या ज्याओझसारखाच होता.

‘हुन्थुन’ हा शब्द उच्चाराने सृष्टीपूर्वीच्या अव्यक्त, निराकार गोंधळासाठी असलेल्या चिनी शब्दाशी मिळताजुळता आहे. ताओ परंपरेतल्या एका कथेत या नावाच्या राजाला डोळे, कान, नाक, तोंड काहीच नसते. मित्र उपकार म्हणून रोज एक असे सात दिवस त्याला भोके पाडतात आणि सातव्या दिवशी तो मरतो. सगळीकडून मिटलेल्या, भोक पडले की वाया जाणाऱ्या या पदार्थाचे नाव तिकडूनच आले, असे अनेक जण सांगतात. व्युत्पत्ती खरी असो वा नसो, स्वयंपाकाचा धडा म्हणून कथा चोख आहे. हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवशी, म्हणजे २१-२२ डिसेंबरच्या सुमारास, हुन्थुन खाण्याची चाल जुनी आहे. दक्षिण सुंग काळात (११२७–१२७९) राजधानीत, म्हणजे आजच्या हांगजौमध्ये, या दिवशी पितरांना त्याचा नैवेद्य दाखवत. ‘हिवाळ्यात हुन्थुन, उन्हाळ्यात शेवया’ अशी म्हण बीजिंगकडे अजून ऐकू येते.

प्रांत बदलला की नाव आणि रूप दोन्ही बदलतात. सेचवानमध्ये त्याला ‘छाओशौ’ म्हणजे ‘हाताची घडी’ म्हणतात, कारण पारीची दोन टोके एकमेकांवर आणून चिकटवली की थंडीत बाह्यांत हात खुपसून बसलेला माणूस दिसतो. तिथे तो लाल मिरचीच्या तेलातही देतात. फूजौमध्ये तर पारीच मांसाची असते : डुकराचे मांस लाकडी मोगरीने कुटून कुटून त्यात स्टार्च मिसळतात आणि कागदासारखे पातळ लाटतात. शांघायमध्ये दोन घराणी आहेत. मोठ्या वॉन्टनमध्ये मांसाबरोबर एक रानभाजी असते आणि तेवढ्यावर जेवण होते. छोट्यात सारण नखाएवढे, जवळजवळ सगळी पारीच, आणि वाटीत समुद्रशेवाळ, अंड्याच्या पोळीचे काप व ‘श्यापी’ नावाची बारीक सुकी कोळंबी. ही श्यापी म्हणजे आपल्या जवळ्याची बहीणच. दोन्ही ॲसिटीस या एकाच प्रजातीतल्या. कोकणी घरात शांघायची वाटी करायची असेल तर निवडलेला, हलका भाजलेला जवळा निःशंक वापरावा.

हाँगकाँग-ग्वांगजौकडचा वॉन्टन कोळंबीचा. त्याचा रस्सा डुकराची हाडे, कोळंबीची टरफले आणि भाजलेला सुका चपटा मासा यांवर उकळतात. सोबत अंडे घालून मळलेल्या बारीक शेवया असतात. जुन्या पद्धतीचे कारागीर हे पीठ हाताने नव्हे, तर जाड बांबूच्या टोकावर बसून, उड्या मारत दाबतात. वाढताना चमचा आणि वॉन्टन तळाशी, शेवया वर. म्हणजे त्या रश्श्यात बुडून गिचका होत नाहीत.

घरी करताना खरी परीक्षा पारीची. सारणाबद्दल लोक फार बोलतात, पण साधे सारण पातळ पारीत निभावून जाते. उत्तम सारणही जाड पारीत फुकट. चीनच्या शहरांत पारी बाजारात वजनावर मिळते आणि बहुतेक घरे तीच आणतात, तेव्हा विकत घेण्यात कमीपणा नाही. घरी करायची तर २०० ग्रॅम मैदा, चिमूटभर मीठ आणि साधारण ९० मिली पाणी घेऊन पुरीच्या पिठाहून घट्ट मळावे, झाकून तासभर ठेवावे. कँटनी पारीत अंडे आणि थोडे क्षाराचे पाणी असते. हा क्षार म्हणजे सोडियम व पोटॅशियम कार्बोनेट, आपल्या पापडखाराच्या जातकुळीतला. त्याने मैद्यातले रंगद्रव्य पिवळे होते आणि पारीला चिवटपणा येतो, जसा पापडाला येतो. लाटताना पिठीऐवजी कॉर्नफ्लोअर भुरभुरवावे, कारण मैदा ओल धरून पुन्हा चिकटतो. पारी मिलिमीटरभर किंवा त्याहून पातळ लाटून ८ सेंटिमीटरचे चौकोन कापले की तीस-पस्तीस निघतात.

त्यांना २५० ग्रॅम खिमा पुरतो. चीनमध्ये तो बहुधा डुकराचा असतो, चरबी तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. कोंबडीचा घ्यायचा तर तंगडीचा घ्यावा. छातीच्या मांसाचा कोरडा गोळा होतो. खिम्यात मीठ, सोया सॉस, पांढरी मिरपूड घालून तो एकाच दिशेने फेटायचा आणि आले व कांद्याची पात भिजवलेले तीन-चार चमचे पाणी थोडे थोडे जिरवायचे. मिठामुळे मांसातली प्रथिने सुटून चिकट होतात आणि पाणी धरून ठेवतात. काही वेळाने खिमा चमच्याला ओढ देऊ लागतो. तोवर थांबायचे नाही. कोळंबी घालायची तर थोडी ठेचून, बाकीची मोठे तुकडे करून. तीळतेल शेवटी, आणि ते भाजलेल्या तिळांचे हवे. आपल्या घाण्याच्या तेलाला तो वास नसतो.

चौकोनाच्या मध्यावर चमचाभर सारण, कडांना पाण्याचे बोट, त्रिकोणी घडी, आतली हवा दाबून बाहेर, मग लांबची दोन टोके मागे नेऊन एकमेकांवर चिकटवायची. ज्याच्या हाताला करंजीची सवय आहे त्याला पाचव्या वॉन्टनपासून बरोबर जमते. लोभाने सारण जास्त भरू नये. हवा राहिली किंवा पोट फुगले की तो पातेल्यात फुटतो.

रश्श्यासाठी कोंबडीची हाडे आधी एकदा उकळून ते पाणी फेकतात, हाडे धुतात आणि मग ताज्या पाण्यात आल्याच्या चकत्या व पातीच्या पांढऱ्या कांद्यांसह मंद आचेवर दोन तास ठेवतात. खळखळ उकळल्यास चरबी मिसळून रस्सा गढूळ होतो. हळद, फोडणी यांचा मोह आवरावा. आणि सर्वांत महत्त्वाचे, वॉन्टन या रश्श्यात शिजवायचे नाहीत. पारीवरची पिठी सुटून दोन तासांची मेहनत पेजेसारखी दिसू लागते. वेगळ्या मोठ्या पातेल्यात पाणी उकळून त्यात ते सोडावे, तळाला लागू नयेत म्हणून एकदा उलथन्याच्या पाठीने हलवावे. वर आल्यावर मिनिटभराने काढावेत. एकूण तीन-चार मिनिटे. मीठ, मिरपूड, तीळतेलाचे दोन थेंब आणि चिरलेली पात वाटीत आधीच ठेवतात, त्यावर कढत रस्सा, मग वॉन्टन.

शाकाहारी वॉन्टन ही भारतीय सोय नव्हे. चिनी बौद्ध मठांत मांसाविना स्वयंपाकाची मोठी परंपरा आहे आणि तिथे कांदा-लसूणही वर्ज्य असतात. सारणात टोफू, कोबी, गाजर, सुके मशरूम येतात. कोबीला मीठ लावून घट्ट पिळलाच पाहिजे, नाहीतर सुटलेले पाणी पारी आतून फोडते. मशरूम भिजवलेले पाणी हाच रश्श्याचा पाया.

भारतात हे सूप खरे भेटते ते कोलकात्याच्या तिरेटा बाजारात, सकाळच्या चिनी न्याहारीत. आपल्याकडच्या हॉटेलांत मात्र बरेचदा ते कॉर्नफ्लोअर लावून दाट केलेले येते, नाहीतर वॉन्टन तळून सॉसबरोबर पुढे येतो. तळलेला वाईट नसतो, पण त्याचा ढगांशी काही संबंध उरत नाही.

तीस-पस्तीस वॉन्टन एका बैठकीत संपत नाहीत. उरलेले कच्चेच, एकमेकांना न लागतील असे ताटात मांडून फ्रीजरमध्ये कडक करावेत आणि मग पिशवीत भरावेत. शिजवताना वितळू देऊ नयेत, पारी चिकट होऊन फाटते. गोठलेलेच उकळत्या पाण्यात टाकावेत आणि दोन मिनिटे जास्त द्यावीत.