नेमबाजीची गोळी आणि शिकार

कागदी लक्ष्यावर मारण्यासाठी घडवलेली गोळी वन्य प्राण्यावर चालवावी का, हा बंदूक बाळगणाऱ्यांमधला जुना प्रश्न आहे. थोडक्यात उत्तर असे, की चालवू नये. नेमाच्या बाबतीत ही गोळी शिकारीच्या गोळीहून सरसच असते. अडचण येते ती नेम लागल्यानंतर. कागदाला भोक पडले की नेमबाजीच्या गोळीचे काम संपते. शिकारीच्या गोळीला खरे काम कातडीच्या आत गेल्यावर करायचे असते.

सोलापूर जिल्ह्यात हा विषय हौसेपेक्षा शेतीतून जास्त निघतो. उजनीच्या पाण्यावर ऊस वाढला आणि उसाच्या फडात रानडुकरांना बारमाही आसरा मिळाला. रात्री कळप मक्यात आणि भुईमुगात घुसतो आणि सकाळी शेतकऱ्याला उकरलेले रान दिसते. उत्तर सोलापूर तालुक्यात काळविटांचे कळप कोवळ्या ज्वारीत उतरतात. ज्यांच्याकडे पीकसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक आहे, ते कोणते काडतूस घ्यावे असे विचारतात. ‘गोळी ती गोळी, नेम बसला की झाले’ हा समज इथूनच पसरतो. तो प्राण्यासाठी क्रूर आहे आणि माणसासाठी धोक्याचा.

रायफलीची साधारण गोळी म्हणजे शिशाचा गाभा आणि त्यावर तांब्याच्या मिश्रधातूचे पातळ कवच. या कवचाला जॅकेट म्हणतात. जॅकेट कुठे बंद आहे, कुठे उघडे आहे आणि कुठे किती जाड आहे, यावर गोळीचा स्वभाव ठरतो. सैन्याच्या आणि स्वस्त सरावाच्या गोळीत जॅकेट टोकापासून अंगभर असते आणि फक्त बुडाशी शिसे उघडे राहते. तिला फुल मेटल जॅकेट म्हणतात. स्पर्धेसाठी बनणाऱ्या मॅच गोळीत उलटे असते. जॅकेटचे बूड बंद ठेवतात, शिसे वरून भरतात आणि तोंड आवळून टोक काढतात. बूड एकसारखे आले की नळीतून सुटताना गोळी डगमगत नाही आणि शंभर गोळ्या शंभर वेळा एकाच जागी जातात. आवळलेल्या टोकाशी सुईच्या अग्राएवढे छिद्र उरते. ते पाहून पुष्कळ जण हिला शिकारीची होलो पॉइंट, म्हणजे पोकळ टोकाची उमलणारी गोळी समजतात. इथेच फसगत होते, कारण हे छिद्र घडणीतून उरलेले असते, गोळी उमलावी म्हणून ठेवलेले नसते.

शिकारीच्या गोळीत टोकाचे शिसे मुद्दाम उघडे ठेवतात. आपल्याकडे तिला सॉफ्ट नोज म्हणतात. तिचे जॅकेट टोकाशी पातळ आणि बुडाकडे जाड होत जाते. अंगात शिरताच टोक दबते, मागे वळते आणि गोळी भूछत्रासारखी उमलते. तिची रुंदी मूळच्या दीडपट ते दुप्पट होते. मागचा भाग एकसंध राहतो, त्यामुळे वजन टिकते आणि गोळी फुप्फुसे व काळीज गाठते. रुंद जखमेतून रक्त झपाट्याने जाते, मेंदूला रक्त पुरत नाही आणि प्राणी काही क्षणांत कोसळतो. शिकारीत दया म्हणून काही असेल तर ती एवढीच आहे, आणि ती गोळीच्या घडणीवर अवलंबून आहे.

मॅच गोळी अंगात शिरल्यावर दोन टोकाच्या गोष्टी करू शकते. कधी तिचे बारीक तोंड उघडतच नाही आणि ती सळईसारखी आरपार जाते. प्राण्याला मरण येते, पण तासांनी किंवा दिवसांनी, आणि तोवर तो उसात दिसेनासा झालेला असतो. कधी ती फऱ्याच्या हाडावर आपटून पहिल्या काही बोटांतच ठिकऱ्या होते. मग वरवर भयंकर दिसणारी जखम होते, पण मर्म शाबूत राहते. यांतले काय घडेल हे वेग, अंतर, कोन आणि हाड यांवर ठरते. मारणाऱ्याला ते आधी सांगता येत नाही. माझ्या मते सगळा आक्षेप याच अनिश्चिततेला आहे. जखमी रानडुक्कर फडात शिरले की पुढचा धोका ऊस तोडणाऱ्या मजुराला असतो. त्याने बंदूक पाहिलेलीही नसते.

मॅच गोळीने हरणे पाडणारे परदेशी शिकारी आहेत आणि त्यांचे म्हणणे खोटे नाही. लांबच्या अंतरावर, कडेने उभ्या असलेल्या प्राण्याच्या बरगड्यांमधून गेलेली पातळ जॅकेटची गोळी फुप्फुसात फुटते आणि प्राणी तिथेच पडतो. पण कोन बदलला, मध्ये हाड आले की हिशेब बिघडतो. सिएरा या अमेरिकी कंपनीची मॅचकिंग ही स्पर्धेतली नावाजलेली गोळी, आणि तीच कंपनी ती शिकारीला वापरू नका असे सांगते. शिकारीसाठी तिने गेमकिंग नावाची वेगळी गोळी ठेवली आहे. शिवाय मॅच गोळीच्या अचूकतेची इथे गरज नसते. पन्नास मीटर रायफल स्पर्धेत दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे असते, तर काळविटाच्या छातीतली मर्माची जागा जवळजवळ वीतभर. तेवढी अचूकता साध्या सॉफ्ट नोज गोळीतही असते.

कायद्यांनीही हा फरक ओळखला आहे. इंग्लंडमध्ये १९९१ च्या हरीणविषयक कायद्यानुसार रायफलीने हरीण मारताना मऊ किंवा पोकळ टोकाचीच गोळी लागते. जर्मनीत मोठ्या हरणांसाठी गोळीचा व्यास किमान ६.५ मिलिमीटर आणि शंभर मीटरवर ऊर्जा किमान २००० जूल असावी लागते. युद्धाचा नियम नेमका उलटा आहे. कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उमलणारी गोळी निघाली, तिच्यावरून ‘डमडम’ हा शब्द जगभर झाला आणि १८९९ च्या हेग घोषणेने अशा गोळ्या युद्धात वर्ज्य ठरवल्या. सैनिक लढण्यापुरता निकामी झाला तरी पुरते, प्राणी मात्र तत्काळ मरायला हवा. म्हणून रणांगणावर जी गोळी कमी क्रूर मानली जाते, तीच रानात जास्त क्रूर ठरते.

ऑलिंपिकमधली पन्नास मीटरची रायफल पॉइंट २२ बोअरची, म्हणजे ५.६ मिलिमीटर नळीची असते. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसला याच प्रकारात तीन स्थितींतल्या स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. या रायफलीची गोळी जॅकेट नसलेल्या शिशाची, सुमारे २.६ ग्रॅम वजनाची असते आणि नळीतून निघताना तिच्यात साधारण १४० जूल ऊर्जा असते. जर्मन नियमाच्या आकड्याशी ही ऊर्जा ताडून पाहिली की वेगळे काही सांगावे लागत नाही. रानडुकराच्या जाड कातडीवर आणि खांद्यावर ती चालवणे म्हणजे त्याला जखमी करून सोडणे. आपल्याकडे परवानाधारकांच्या हाती बहुधा १२ बोअरची बंदूक किंवा ३१५ बोअरची रायफल असते. ३१५ च्या काडतुसात सुमारे १६ ग्रॅमची जड गोळी येते. १२ बोअरमध्ये उडत्या चकतीवर मारायचे काडतूस असते, त्यात सुमारे अडीच मिलिमीटरचे बारीक छर्रे २४ ग्रॅम भरलेले असतात. ते चकती फोडायला उत्तम. डुकराला मात्र त्यांनी केवळ इजा होते.

सोलापूरच्या भूगोलामुळे आणखी एक गोष्ट महत्त्वाची ठरते. चांदमारीच्या मैदानात गोळी अडवायला मागे मातीचा उंच बांध असतो. उत्तर सोलापूर तालुक्यातल्या नान्नजच्या माळावर तसे काही नाही. सपाट गवताळ रान, अधूनमधून बाभळी, आणि मेंढरे घेऊन फिरणारे धनगर. पॉइंट २२ सारख्या लहान काडतुसाच्या डब्यावरही दीड मैलापर्यंत धोका असल्याची सूचना छापलेली असते. उमललेली गोळी बहुधा प्राण्याच्या अंगातच थांबते किंवा बाहेर पडताना जोर गमावते. न उमललेली आरपार जाऊन पुढे धावते आणि मुरमाड जमिनीवर टप्पा घेऊन दिशा बदलते.

या माळावरची जुनी शिकार गोळीची नव्हतीच. फासेपारधी तितर, लावे आणि हरणे फासात धरत. समाजाचे नावही त्यावरूनच पडले. बंदुकीची शिकार संस्थानिकांची आणि साहेबांची. अक्कलकोटच्या राजवाड्यातले शस्त्रागार पाहताना त्या काळाची कल्पना येते.

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू झाला आणि शिकारीला बंदी आली. नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ चे. माळढोक आता तिथे क्वचितच दिसतो, पण काळवीट, लांडगा आणि खोकड त्याच गवताच्या आश्रयाने आहेत. २०२२ च्या दुरुस्तीनंतरही काळवीट पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. या अनुसूचीतल्या प्राण्याला मारण्याची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात, पण तो माणसाच्या जिवावर उठला असेल किंवा बरा न होण्याइतका जखमी वा आजारी असेल तरच. पिकाची नासाडी हे कारण तिथे चालत नाही. अशा नुकसानीसाठी वन विभागाकडे भरपाईचा अर्ज करायचा असतो. रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे आणि उभ्या पिकाची हानी हे त्याच्या बाबतीत कारण ठरू शकते, मात्र कलम ११ खालचा लेखी आदेश हातात हवा. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे, हे गावोगाव सांगावे लागते. पहिल्या अनुसूचीतला प्राणी मारल्यास किमान तीन आणि कमाल सात वर्षे कैद आहे. आदेश असेल तर गोळीही त्या कामाचीच हवी, म्हणजे उमलणारी आणि प्राण्याच्या वजनाला पुरेल अशी, आणि अंतर असे की नेम नक्की बसेल.

सर्वांत जास्त गैरवापर छऱ्याच्या बंदुकीचा, म्हणजे एअरगनचा होतो, आणि तो बहुधा पोरांकडून. स्पर्धेचा ४.५ मिलिमीटरचा छर्रा पुढून चपटा असतो, कारण त्याने कागदात गोल, स्वच्छ भोक पाडायचे असते. वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, ऊर्जा सात-आठ जूल, आणि चपट्या तोंडामुळे हवेतच वेग झपाट्याने उतरतो. होल्यावर किंवा तितरावर मारला तर पंख मोडतो, पक्षी झुडपात पडतो आणि तिथे सावकाश मरतो. ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० जुलांपर्यंतच्या एअरगनला शस्त्र परवाना लागत नाही, त्यामुळे पाखरे मारायलाही मोकळीक आहे असे घरच्यांनाही वाटते. वन्यजीव कायदा हत्यार कोणते होते हे विचारत नाही. त्याच्या व्याख्येत ठार मारण्याबरोबर जखमी करणे, पकडणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे शिकारच आहे. नेम चुकलेला छर्राही त्यात येतो.